मिसलेहच्या चेहऱ्यावरची अक्षरं

मिसलेह गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मदाफ्यात बसायला जागा उरली नव्हती. कुळाच्या बैठकीचं ते लांबलचक दालन. तिन्ही भिंतींना लागून गाद्या होत्या आणि चौथ्या भिंतीवर मोठा पडदा. त्या पडद्याचं काम नौफानकडे होतं. कुळाचं इंटरनेटवरचं पान तोच सांभाळायचा. कोणाला मुलगा झाला, कोणाचं लग्न ठरलं, कोण देवाघरी गेलं, हे सगळं तो त्या पानावर लिहायचा आणि कुवेतपासून कॅनडापर्यंत पांगलेले भाऊबंद ते वाचायचे. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस चारचौघांत बोलायला कचरायचा. लिहायला मात्र त्याला आवडायचं.

मिसलेहचं पान त्याने फार जपून केलं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. जैतुनाच्या बागेतल्या बांधावरून दोघांचं बिनसलं आणि गेली दोन वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले की मिसलेह मान वळवायचा आणि नौफान चपलेकडे बघायचा. बोलणं कोणी सुरू करायचं, एवढ्यावरच सगळं अडलं होतं. आता ते कायमचंच अडलं. म्हणून नौफानने जुने फोटो चाळून एक शोधून काढला. झाडाखाली चादर पसरलेली, तिच्यावर जैतुनांचा ढीग, आणि मिसलेह डोळे मिटून हसतोय. फोटोखाली त्याने चार ओळी लिहिल्या. त्या तो कितीदा खोडत बसला होता, ते त्याच्या बायकोलाच ठाऊक.

कुराणपठण करणारा पाणी प्यायला थांबला. दालनात शांतता पसरली. नौफानने लॅपटॉपवर पान उघडलं आणि मिसलेहचा चेहरा भिंतभर उमटला. कोणीतरी हुंदका दिला. मिसलेहचा धाकटा भाऊ दैफल्ला दाराशी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होता, तोही वळून बघू लागला.

आणि त्या चेहऱ्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडायला लागले.

आधी लाल, मग सोनेरी. मिसलेहच्या मिटल्या डोळ्यांवरून एक पट्टी सरकत आली आणि तिच्यावर हातभर उंचीची अक्षरं नाचू लागली: "अभिनंदन! आजचे भाग्यवान तुम्हीच!" पाठोपाठ टाळ्यांचा आवाज, आणि कोपऱ्यातून तोकड्या कपड्यातली एक बाई कंबर हलवत पुढे आली.

नौफानने पट्टीवरची फुली दाबली. दुसरी पट्टी आली. ती दाबली, तर तिसरी. त्याची बोटं बटणं विसरली. शेवटी दैफल्ला सगळं दालन ओलांडून आला, खाली वाकला आणि त्याने भिंतीतली तार उपटली. पडदा काळा झाला.

दैफल्ला ओरडला असता तर बरं झालं असतं. नौफानला सगळे मुलाच्या नावावरून अबू रकान, म्हणजे रकानचा बाप, म्हणायचे; दैफल्लाही तेच नाव घेऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "अबू रकान, तुम्ही दुखवट्याला आलात ते आम्हाला पोचलं. आता घरी गेलात तरी चालेल."

"दैफल्ला, अल्लाशपथ, हे मी—"

"पोचलं म्हटलं ना."

संध्याकाळी नौफानच्या घरून गेलेलं मन्सफचं, म्हणजे मटण-भाताचं, ताट परत आलं. ज्या घरात मयत होते त्या घरी तीन दिवस चूल पेटवायची नाही, भाऊबंदांनी जेवण पोचवायचं, ही रीत. ताट नाकारणं म्हणजे तुम्ही आमचे नाही, असं तोंडावर सांगणं. भात जसाच्या तसा होता, वरचे बदामसुद्धा हललेले नव्हते. नौफानच्या बायकोने, उम्म रकानने, ते ताट ओट्यावर ठेवलं आणि त्यावर फडकं टाकलं. जणू तेही मयतच होतं.

"लोक काय म्हणतायत?" नौफानने विचारलं.

"सांगायलाच हवं का?"

"सांग."

"म्हणतायत की बांधाचा सूड घेतला. वैरी मेला म्हणून अभिनंदन छापलं." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मी म्हटलं, आमच्या ह्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत, ते कसला सूड घेणार? तर फवाजची बायको म्हणाली, मग आमच्या फोनवर पान कसं स्वच्छ दिसतं? सगळ्यांनी उघडून पाहिलं म्हणे. एकाच्याही फोनवर काही नाही. मदाफ्यात, सगळ्यांसमोर, तेवढंच बरं आलं."

नौफान उठला आणि तिच्या फोनवर पान उघडलं. मिसलेह झाडाखाली हसत होता. कागदाचा एक तुकडा नाही. मग त्याने आपला लॅपटॉप उघडला. अभिनंदन, टाळ्या, बाई. त्याला खरंच वाटायला लागलं की आपल्याच हातून काहीतरी झालं असणार. दोन वर्षं मनात साचलेलं बोटांतून बाहेर पडलं की काय?

"आणि त्या बाईबद्दल?" त्याने हळूच विचारलं.

"त्याबद्दल तर विचारूच नका. माणूस चोरून जे बघतो, त्याच्याच जाहिराती त्याच्या पडद्यावर येतात म्हणे. हे आता शेंबड्या पोराला पण माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी अम्मानहून त्यांची मुलगी दीमा आली. ती तिथल्या एका बँकेत संगणकांची राखण करायची. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं की बाबा जेवत नाहीत. तिने पिशवी दारातच टाकली, बापाच्या कपाळाची पापी घेतली आणि लॅपटॉप मांडीवर ओढला.

"बाबा, हा मिनार काय आहे?"

ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा हिरवा मिनार होता. अजानची वेळ झाली की तो उजळायचा आणि मंद आवाजात अजान द्यायचा.

"ते नमाजाच्या वेळा सांगणारं एक्स्टेन्शन आहे. चांगलं आहे गं. तीन वर्षं झाली, एकदाही चुकलं नाही."

दीमाने काही बटणं दाबली आणि मिनार बंद करून मिसलेहचं पान उघडलं. ते स्वच्छ होतं. मिनार पुन्हा चालू केला आणि कागद उडायला लागले. तिने हे तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा नौफानने डोळे मिटून घेतले.

"पण हे तर... हे तर अजान सांगतं."

"सांगतंच की. तेवढं काम अजून चोख करतंय, म्हणून तर कोणाला शंका येत नाही. ज्याने हे बनवलं तो भला माणूस असेल. मग त्याने ते कोणाला तरी विकलं. गेल्या महिन्यात नव्या मालकाने आतलं सगळं बदललं, आणि हे आपोआप नवं होतं, तुम्हाला कोण विचारायला येतंय? जाहिराती कोणाच्या यंत्रावर कधी सोडायच्या ते तोच ठरवतो, म्हणून तुम्ही पान लिहिलंत तेव्हा काही दिसलं नाही. मिनार तोच, आत बसलेला माणूस वेगळा."

"मग बाकीच्यांना पान स्वच्छ का दिसतं?"

"कारण पानात काहीच नाही बाबा. खोट तुमच्या चष्म्यात आहे. चष्म्याच्या काचेवर कोणी चित्र काढलं, तर तुम्हाला ते प्रत्येक भिंतीवर दिसणार. भिंत बिचारी कोरीच."

नौफानला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. म्हणजे आपल्या बोटांनी काही केलं नव्हतं. तो हसणारच होता. पण दीमा हसत नव्हती.

"जाहिराती म्हणजे काहीच नाही बाबा. त्या निदान दिसतात. तुम्ही हे बसवलंत तेव्हा याने एक परवानगी मागितली होती. प्रत्येक पानावरचं सगळं वाचायची आणि बदलायची. तुम्ही काय केलंत?"

"हो म्हटलं."

"वाचलं होतंत?"

"मिनार होता ना वर," नौफान पुटपुटला. आयुष्यभर मुलांना त्याने बजावलं होतं, की नकाशा बघण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा.

"म्हणजे तुम्ही जे टाइप करता ते सगळं ते वाचू शकतं. नाव, ओळखपत्राचा नंबर, बँकेचा पासवर्ड. वाचतं की नाही ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण दार सताड उघडं आहे." तिने मान वर केली. "हे आणखी कोणाकडे आहे?"

नौफानने लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"बाबा?"

गावातल्या ज्या घरात कॉम्प्युटर आला, त्या घरातून तो आधी 'मास्तरां'कडे यायचा. नौफान अक्षरं मोठी करून द्यायचा, अरबी कळफलक लावून द्यायचा, आणि जाताजाता मिनार बसवून द्यायचा. कोणी मागितला नव्हता. त्याला वाटायचं, तेवढंच पुण्य. लोक दुवा द्यायचे.

"जवळजवळ सगळ्यांकडे," तो म्हणाला. "मिसलेहच्या रनीमकडेसुद्धा. भांडणाच्या आधी, ती कॉलेजात गेली तेव्हा."

"तिच्या बापाच्या पेन्शनचे कागद आता तीच भरत असणार," दीमा म्हणाली. "सगळ्यांना आत्ताच्या आत्ता सांगा."

"सांगायचं कसं? ज्या घराने माझं ताट परत पाठवलं, त्या घरी जाऊन सांगू की तुमच्या मुलीच्या खोलीतपण मीच चोर बसवलाय?"

 दीमाने उत्तर द्यायच्या आत दाराशी हाज औदे आला.

हाज औदे शेजारच्या कुळातला, वयाने आणि शब्दाने मोठा. अशा प्रसंगी जाहा, म्हणजे समेटासाठी वडीलधाऱ्यांची मंडळी, घेऊन दुखावलेल्याच्या घरी जायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. किती लग्नं जुळवली आणि किती रक्तपात थांबवले, ते तोच मोजायचा. दीमाने त्याला चष्म्याचं सगळं समजावून सांगितलं. हाज औदे दाढी कुरवाळत ऐकत राहिला.

"पोरी, तू हुशार आहेस. अल्ला तुला सुखी ठेवो. पण यातलं एक अक्षर तिथे बोलायचं नाही. लोकांना यंत्र कळत नाही, माफी कळते." मग तो नौफानकडे वळला. "आणि तू तर तोंडच उघडायचं नाही. बोलणारा मी. तू मान खाली घालून बस. ते तुला जमतं."

"हाज, पण ते बाकीच्या घरांत—"

"ते महिन्याभराने बघू. आधी समेटाची कॉफी पिऊ दे."

मिसलेह आणि दैफल्ला यांची घरं एकाच अंगणात. अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. जाहा आली तसे दैफल्लाचे लोक उठून उभे राहिले. रीतीप्रमाणे काळी, बिनसाखरेची कॉफी आली आणि हाज औदेच्या पुढ्यात ठेवली गेली. त्याने तिला हात लावला नाही. आलेल्या कोणीच लावला नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय ती प्यायची नसते, आणि तिच्याकडे न बघता सगळे तिच्याचकडे बघत असतात.

हाज औदे अल्लाचं नाव घेऊन उठला. मयताचे गुण सांगितले. कुळ म्हणजे एक हात, बोटं लहानमोठी असायचीच, असं म्हणाला. मग मुद्द्यावर आला. "अबू रकानच्या हातून जे झालं ते यंत्रामुळे झालं. सैतान माणसात शिरतो, तसा यंत्रात पण शिरतो. त्याच्या मनात पाप नव्हतं. हे मी माझ्या पांढऱ्या दाढीवर घेतो."

दैफल्ला खाली मान घालून ऐकत होता. त्याची दाढी वाढली होती, चार दिवसांत तो म्हातारा झाला होता.

"हाज, तुमची दाढी आमच्या डोक्यावर," तो म्हणाला. "पण मला एक सांगा. यंत्रं आमच्याकडेही आहेत. या अंगणातल्या प्रत्येक घरात आहे. सैतानाला एकट्या अबू रकानचंच यंत्र कसं सापडलं? आणि तेही माझ्या भावाच्या तिसऱ्या दिवशी?"

"नशीब त्याचं," हाज औदे पटकन म्हणाला. "त्याच्या एकट्याच्या यंत्रात बिघाड होता. तो आता ते जाळून टाकेल. तुमच्या घरांना त्याचा काही उपद्रव नाही."

 दैफल्लाने उजवा हात कॉफीकडे केला. नौफानने ती खूण ओळखली. आता तो 'प्या' म्हणणार होता. मग सगळं मिटणार. ताटं पुन्हा जाणार-येणार, बायका विहिरीवर बोलणार. आणि आतल्या खोलीत मिसलेहची मुलगी बापाचा नंबर टाइप करत बसणार.

"थांब दैफल्ला," नौफान म्हणाला.

जाहा ज्याच्यासाठी आली त्याने मध्ये बोलायचं नसतं. हाज औदेने त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. नौफान तरीही उभा राहिला. त्याने खुर्चीची पाठ धरली.

"हाज औदे म्हणतात ते खरं नाही. म्हणजे, त्यांना मी नीट सांगितलं नाही. बिघाड माझ्या एकट्याकडे नाही. तो हिरवा मिनार... मी तुमच्या सगळ्यांकडे बसवून दिला तो. त्याचाच हा प्रताप आहे. त्याने परवानगी मागितली, सगळं वाचायची, सगळं बदलायची. मी न वाचता हो म्हटलं. माझ्याकडेही, तुमच्याकडेही. तुमच्यापैकी कोणी हो म्हटलेलं नाही, तुमच्या वतीने मी म्हटलं. आता त्याचा मालक बदललाय, आणि तुम्ही जे लिहिता ते तो बघू शकतो. पासवर्ड, बँक, सगळं. दैफल्ला, रनीमकडेसुद्धा तो आहे."

 "झालं," हाज औदे दाताखाली म्हणाला. "विझवलेली आग स्वतः फुंकलीस."

दैफल्लाचा हात कॉफीवरून मागे आला होता. तो दाराकडे वळला आणि त्याने हाक मारली, "रनीम! तुझा कॉम्प्युटर घेऊन बाहेर ये."

ती काळ्या कपड्यात आली, लॅपटॉप छातीशी धरून. पुरुषांच्या बैठकीत बोलावलं म्हणून गोंधळलेली. दैफल्लाने विचारलं, "बेटा, यावर तो मिनार आहे?"

"आहे, अम्मो," ती काकाला म्हणाली.

"त्यात काही दिसतं का? मदाफ्यात दिसलं तसं?"

रनीमचा चेहरा पडला. तिने काकाकडे पाहिलं, मग नौफानकडे, आणि मग तिला रडू फुटलं.

"मला वाटलं मीच काहीतरी दाबलं," ती म्हणाली. "बाबा गेले त्या दिवसापासून येतंय. बाबांचा फोटो उघडला की अभिनंदन. पेन्शनचं पान उघडलं की अभिनंदन. आणि ती बाई. अम्मो, मी कोणाला सांगणार होते? सगळे म्हणतात आपण बघतो तेच येतं. तुम्ही काय म्हणाला असतात मला? रात्री उशिरापर्यंत मी एक-एक फुली दाबत बसायचे. मदाफ्यात काय झालं ते आईने सांगितलं, तेव्हा मला कळलं की अबू रकान अम्मोंनी ते केलेलं नाही. पण मी सांगितलं असतं तर माझ्याकडेही येतंय हे सांगावं लागलं असतं."

अंगणात कोणाला कोणाकडे बघवेना. मग मागच्या रांगेतून फवाज खाकरला. हाच फवाज गेले दोन दिवस सर्वांत मोठ्याने बोलत होता.

"आमच्याकडे पण येतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं आमच्या थोरल्याचे उद्योग आहेत. त्याला मारलं मी."

"आमच्याकडे पण," आणखी कोणीतरी म्हणालं. नौफान खाली बसला. जे एकाच दिवसात सगळ्यांना कळलं असतं, ते प्रत्येकाने आपापल्या घरात कोंडून ठेवलं होतं. आणि ज्या पोराला मार बसला, त्याचा मारही आपल्याच नावावर, हे त्याच्या लक्षात आलं.

दैफल्लाने लॅपटॉप घेऊन नौफानच्या मांडीवर ठेवला. "काढा."

 नौफानला मिनार सापडला, पण काढून टाकायचं बटण सापडेना. रनीमने डोळे पुसले, वाकली आणि स्वतःच ते दाबलं. 'नक्की काढायचं?' असं विचारणारी चौकट आली. तिने ती पुरती वाचली आणि 'हो' म्हटलं.

"आता सगळे पासवर्ड बदल," नौफान म्हणाला. "आधी फोनवरून बँकेला कळव. माझी दीमा आली आहे. ती बसेल तुझ्याबरोबर, तुला चालत असेल तर."

रनीमने मान हलवली आणि आत गेली.

दैफल्ला उभाच होता. तो हाज औदेच्या पुढ्यातल्या कपाकडे बघत होता. कॉफीवर साय धरल्यासारखा पातळ थर आला होता. त्याने तो कप उचलला, अंगणाच्या कडेला मातीत ओतला आणि म्हणाला, "थंड झाली. दुसरी आणा."

दुसरी आली. वाफाळती.

"हाज औदे, प्या. तुम्ही ज्यासाठी आलात ते दिलं." मग तो नौफानकडे वळला. आवाज तसाच हलका होता. "अबू रकान, मी कॉफी देतोय, पण खोटं बोलणार नाही. भावाचा चेहरा आठवायला गेलो की मला ती अक्षरं दिसतात. ती कधी जातील, मला माहीत नाही. तोवर मी तुमच्याकडे बघून हसलो नाही तर वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेणार," नौफान म्हणाला. त्याने कॉफी प्यायली. ती नेहमीपेक्षा कडू होती का, हे त्याला सांगता आलं नसतं.

जाहा पांगली. हाज औदे त्याच्याशी एक शब्दही न बोलता गाडीत बसला. नौफान मात्र घराकडे वळला नाही. उन्हं अजून उतरली नव्हती. अंगणाला लागून पहिलं घर फवाजचंच होतं. त्याने दार वाजवलं. दार थोरल्या मुलाने उघडलं, त्याच्या गालावर अजून वळ होता.

"बाळ, तुझे वडील घरी यायचेत, मला माहीत आहे," नौफान म्हणाला. "मी आधी तुझ्याकडे आलोय. ते जे तुमच्या कॉम्प्युटरवर येत होतं ना, ते मी बसवलं होतं. तू नाही."

 मुलगा दारातून बाजूला झाला.

पुढच्या घरी तेच सांगायला नौफानला वाटलं होतं तेवढं सोपं गेलं नाही. त्याच्या पुढच्या घरीही नाही.